किपलिंगचें लॉज आणि युद्धांत पडलेले बंधु

रुडयार्ड किपलिंगचें नांव निघालें कीं आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या कपाळावर आठी उमटते, आणि ती उमटावी यांत अन्यायाचें असें कांहीं नाहीं. ज्याचा जन्म १८६५ सालीं मुंबईंत झाला, ज्याला बालपणीं इंग्रजीपेक्षां घरच्या नोकरचाकरांची भाषा अधिक जवळची वाटे, त्यानेंच पुढें जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर जनरल डायरसाठीं उघडलेल्या फंडांत दहा पौंडांची वर्गणी घातली, हें आपण विसरूं शकत नाहीं, विसरूंहि नये. परंतु ग्रंथकाराविषयींचा राग आणि ग्रंथाचें परीक्षण हीं दोन खातीं टीकाकारानें वेगळीं ठेवलीं पाहिजेत. किपलिंगचा ‘डेबिट्स अँड क्रेडिट्स’ हा कथासंग्रह १९२६ सालीं प्रसिद्ध झाला. जमाखर्च असेंच त्याचें नांव. त्या संग्रहांत चार कथा अशा आहेत कीं, त्या एकाच जागीं, लंडनमधील एका काल्पनिक फ्रीमेसन लॉजमध्यें, सांगितल्या जातात. महायुद्धांत माणसें गमावलेलीं किंवा स्वतः अर्धवट वांचून परत आलेलीं माणसें तेथें जमतात. ज्यांनीं एकमेकांना ‘बंधु’ म्हणण्याची शपथ घेतली आहे, त्यांनीं आपल्यांतून गेलेल्यांचा मान कसा राखावा, हा या कथांचा खरा विषय आहे, आणि तो विषय केवळ इंग्लंडपुरता नाहीं.

फ्रीमेसन मंडळाविषयीं आपल्याकडे कुतूहल आणि गैरसमज हीं नेहमींच हातांत हात घालून वावरत आलीं आहेत. बंद दारें, सांकेतिक खुणा, रात्रीच्या बैठकी यांमुळें हिंदुस्थानांत लॉजच्या इमारतीला लोक ‘जादूघर’ म्हणत. वस्तुतः त्यांत जादू अशी कांहीं नाहीं. गवंडीकामांतील गुण्या, ओळंबा, पाणसळ हीं हत्यारें नीतिधर्माचीं प्रतीकें म्हणून घेतलेलीं. एक ईश्वर मानला कीं पुरे, तो कोणत्या नांवानें हें विचारावयाचें नाहीं. आणि एकदां आंत आल्यावर लॉर्ड असो वा दुकानदार असो, सर्वांनीं एकाच पातळीवर उभें राहावयाचें. पाणसळीचा अर्थ तोच. मुंबईंत १८४३ सालीं डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकारानें ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हें लॉज स्थापन झालें तें पारशी आदिकरून एतद्देशीय गृहस्थांना या पातळीवर जागा मिळावी म्हणूनच. ती जागा वेगळें लॉज काढून द्यावी लागली, ही गोष्टहि त्याबरोबरच ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१९१४ ते १९१८ च्या महायुद्धानें या बंधुत्वाची परीक्षा घेतली. इंग्लंडच्या मंडळाचा ग्रँड मास्टर त्या वेळीं ड्यूक ऑफ कॅनॉट हा होता. १८८६ पासून १८९० पर्यंत मुंबई लष्कराचा सरसेनापति म्हणून तो आपल्या इलाख्याच्या परिचयाचा होता. युद्धांत पडलेल्या बंधूंचें स्मारक म्हणून लंडनमध्यें एक भव्य मंदिर उभारावें अशी कल्पना त्यानें १९१९ मध्यें मांडली आणि दहा लक्ष पौंडांचा संकल्प सोडण्यांत आला. ॲश्ली आणि न्यूमन या शिल्पज्ञांनीं आखलेली ही इमारत ग्रेट क्वीन स्ट्रीटवर १९२७ ते १९३३ या काळांत बांधली गेली. आंत जिन्याच्या वरच्या टोकाला, शांतिदेवता चितारलेल्या रंगीत कांचेच्या खिडकीखालीं, कांशाची एक पेटी आहे आणि तिच्यांत ३,२२५ मृत बंधूंच्या नांवांचा पट ठेवलेला आहे. ज्यांनीं वर्गणी दिली त्यांना छातीवर लावावयास एक पदक मिळे. इमारतीचें मूळ नांव ‘मेसॉनिक पीस मेमोरिअल’, म्हणजे शांतिस्मारक. दुसरें महायुद्ध उभें राहिलें तेव्हां तें नांव मागें पडलें आणि ‘फ्रीमेसन्स हॉल’ हें साधें नांव उरलें.

या स्मारकाची थट्टा करण्याचा माझा हेतु नाहीं. तीन हजारांहून अधिक नांवें एकेक करून जमा करणें हें श्रद्धेचेंच काम आहे. तथापि, वर्गणीदाराच्या छातीवरचें पदक आणि मृताचें पेटींतलें नांव हीं एकाच योजनेचीं दोन अंगें असावींत, ही गोष्ट मनाला थोडी खटकते. मृतांचा मान करतांना मान करणाराच हळूहळू पुढें येतो आणि मृत मागें राहतो, हा अनुभव सर्व देशांतला आहे. आपल्याकडे श्राद्धाच्या पंक्तींत कोण कोण जेवलें याची चर्चा वर्षभर चालते. ज्याचें श्राद्ध त्याची आठवण मात्र पिंडापुरतीच राहते. किपलिंगच्या कथा वाचण्यासारख्या आहेत त्या यासाठीं कीं, मान राखण्याची दगडाहून निराळी रीत त्यांत शोधलेली आहे.

किपलिंगला हा विषय दुरून पाहावयाचा नव्हता. १८८६ सालीं, वयाचीं एकवीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, लाहोरच्या ‘होप अँड पर्सिव्हरन्स’ या लॉजमध्यें त्याला दीक्षा मिळाली. आपल्याला पहिली पायरी एका ब्राह्मसमाजी हिंदूनें, दुसरी मुसलमानानें आणि तिसरी इंग्रजानें चढविली, आणि दाराशीं पहारा देणारा बंधु हिंदी यहुदी होता, असें तो अभिमानानें सांगतो. त्या लॉजवर त्यानें एक प्रसिद्ध कविताहि लिहिली. तींत शीख, मुसलमान, पारशी, यहुदी, ख्रिस्ती असे सारे बंधु आहेत. बाहेर साहेब आणि हाताखालचा माणूस, आंत मात्र भाऊ, असा तिचा आशय आहे. त्याच कवितेंत एक तपशील येतो: कोणाची जात बाटूं नये म्हणून त्या लॉजांत सहभोजन होत नसे. तरुण किपलिंग तें सहज सांगून जातो. परंतु पंचवीस-तीस वर्षांनीं त्यानें जें लंडनचें लॉज रंगविलें, त्याच्या मध्यभागीं भोजनाचें टेबल आहे, हें पाहिल्यावर त्या जुन्या तपशिलाला निराळें वजन येतें.

मधल्या काळांत किपलिंगच्या आयुष्यावर मोठा घाला पडला होता. त्याचा एकुलता मुलगा जॉन दृष्टि फार अधू असल्यामुळें सैन्यांत घेतला जाईना. बापानें लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याकडे शब्द टाकून त्याला आयरिश गार्ड्समध्यें जागा मिळवून दिली. २७ सप्टेंबर १९१५ रोजीं लूसच्या लढाईंत तो नाहींसा झाला. वय अठरा वर्षें. किपलिंगच्या हयातींत त्याची समाधि सांपडली नाहीं. १९१७ मध्यें स्थापन झालेल्या इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशनवर किपलिंग त्याच वर्षीं सभासद म्हणून गेला आणि समाधींवर कोरावयाच्या शब्दांची निवड हें त्याचें काम झालें. पुढें समाधिस्थानांच्या कामावर असलेल्या मेसन बंधूंनीं १९२२ सालीं फ्रान्समध्यें एक लॉज काढलें. ‘मूक नगरांचे बांधकरी’ अशा अर्थाचें नांव त्याला किपलिंगनें सुचविलें. लॉज, युद्ध आणि समाधि हीं तिन्ही अशा रीतीनें त्याच्या जीवनांत एकत्र आलीं होतीं.

आतां कथांकडे वळूं. पहिली ‘इन द इंटरेस्ट्स ऑफ द ब्रेदरेन’, म्हणजे बंधूंच्या हितार्थ, ही १९१८ च्या अखेरीस प्रथम छापली गेली. बर्जेस नांवाचा एक तंबाखूचा दुकानदार निवेदकाला आपल्या लॉजमध्यें घेऊन जातो. याचा मुलगा युद्धांत मारला गेला आहे. कथेंत त्याचा उल्लेख एका वाक्याहून फारसा अधिक येत नाहीं. या लॉजनें युद्धकाळांत आपलें दार सुटीवर आलेल्या व रुग्णालयांत पडलेल्या सैनिक-बंधूंसाठीं आठवड्यांतून अनेक वेळां उघडें ठेवलें आहे. येणाऱ्यांपैकीं कोणाचा पाय गेला आहे, कोणाचें डोकें तोफांच्या धक्क्यानें ठिकाणावर नाहीं, कोणाजवळ मेसन असल्याचा दाखला उरलेला नाहीं. त्यांची रीतसर परीक्षा होते. विधींतलें जेवढें आठवेल तेवढें ते म्हणतात. आणि मग यजमान बाजूला होऊन लॉज चालविण्याचा मान त्यांनाच देतात. विधि संपल्यावर जेवण. ज्यांना कांहीं करावयाचें असेल ते लॉजचीं पदकें आणि सामान घांसूनपुसून लख्ख करीत बसतात.

येथें मृतांसाठीं स्वतंत्र सोहळा नाहीं, भाषण नाहीं. बर्जेसनें मुलासाठीं कांहीं उभारलें नाहीं. त्याच्या मुलाच्या वयाचे जे जिवंत आहेत त्यांना तो रोज दार उघडतो, एवढेंच. मला वाटतें, किपलिंगच्या मनांतली सर्वांत खोल गोष्ट या मौनांत आहे. ज्या बापाला मुलाची समाधिहि मिळाली नाहीं, त्यानें कल्पनेंत एक असें घर बांधलें कीं, जेथें दुसऱ्यांचे मुलगे येऊन बसतील आणि त्यांना जुने, पाठ केलेले शब्द उच्चारतां येतील. विधि माणसाला सांवरून धरतो, हें या कथेचें सूत्र. घरांत कोणी गेल्यावर तेरा दिवस काय करावयाचें हें ठरलेलें असतें, म्हणूनच कर्त्या माणसाचे पाय चालत राहतात, हें आपल्या वाचकांना समजावून सांगावयास नको.

तरीहि कथा म्हणून ही रचना निर्दोष नाहीं. किपलिंग येथें वकील झाला आहे. मंडळाच्या वरिष्ठांनीं युद्धकाळांत असेंच करावयास हवें होतें, नियमांची कडक अंमलबजावणी करून त्यांनीं संधि घालविली, असें तो पात्रांकडून पुनःपुन्हा वदवितो. विरोध करणारें एकहि पात्र समोर नाहीं. सारेच सज्जन, सारेच कृतज्ञ. ज्या लॉजमध्यें कोणी कोणाशीं भांडत नाहीं, त्याचें बंधुत्व वाचकाला फुकट मिळाल्यासारखें वाटतें.

हा दोष त्यानें पुढच्या कथेंत पूर्ण धुऊन काढला आहे. ‘द जेनाइट्स’ ही कथा १९२४ सालची. काळ युद्धानंतरचा, १९२० च्या शरदाचा; जागा तीच; शनिवार दुपारची साफसफाई चालली आहे. हंबरस्टॉल नांवाचा एक धिप्पाड, भोळा, धंद्यानें केशकर्तन करणारा माणूस लॉजच्या ऑर्गनचीं लाकडी पानें घांसतां घांसतां आपली हकीकत सांगतो. दारूगोळ्याच्या कोठाराच्या स्फोटांत त्याच्या डोक्यावर परिणाम झाला. सैन्यांतून त्याची सुटका झाली. तरी चैन पडेना म्हणून तो आपल्या तोफखान्यांत परत गेला आणि अधिकाऱ्यांच्या खाणावळींत वाढपी म्हणून राहिला. तेथें त्याच्या लक्षांत आलें कीं, कांहीं अधिकारी आणि मॅकलिन नांवाचा एक दारुडा पण विद्वान वाढपी यांच्यांत कोणा ‘जेन’विषयीं कांहीं गूढ बोलणें चालतें, आणि तें बोलणें निघालें कीं हुद्द्याचा भेद नाहींसा होतो. ही जेन म्हणजे जेन ऑस्टेन ही कादंबरीकर्त्री. हंबरस्टॉल मेसन असल्यामुळें त्याला वाटलें कीं हीहि एक गुप्त मंडळीच असली पाहिजे. त्यानें मॅकलिनला पैसे देऊन सांकेतिक शब्द विकत घेतले, सहाहि कादंबऱ्या धड्यासारख्या घोकल्या आणि तोफांवर त्यांतल्या पात्रांचीं नांवें खडूनें लिहिलीं.

यांतला विनोद फार हलक्या हातानें हाताळलेला आहे. जेनला मूलबाळ होतें काय या प्रश्नावर, होतें, आणि त्याचें नांव हेन्री जेम्स, असा त्या मंडळींचा निवाडा पडतो. हंबरस्टॉल तें अक्षरशः खरें धरून चालतो. आपण हंसतों, आणि हंसतां हंसतांच १९१८ चा मार्च येतो. जर्मनांच्या भडिमारांत सबंध तोफखाना नष्ट होतो. ते अधिकारी, तो मॅकलिन, सारे जातात. उरतो हा एकटा. जखमींच्या गाडींत जागा नाहीं. एक परिचारिका सारखी बडबडत आहे. तिला उद्देशून हंबरस्टॉल जेनच्या कादंबरींतल्या एका बडबड्या बाईचें नांव घेतो; दुसरी एक वडील परिचारिका तें ऐकते, ओळखते, आणि त्याला गाडींत जागा करून देते. विकत घेतलेला सांकेतिक शब्द खरा ठरतो.

या कथेंत लॉजच्या आंत दुसरें लॉज आहे. पहिल्याचे विधि शेंकडों वर्षांचे. दुसऱ्याचे विधि एका दारुड्यानें थट्टेनें रचलेले. पण मृतांचा मान राखला जातो तो या दुसऱ्यांतच. हंबरस्टॉल लंडनच्या आपल्या दुकानांत त्या सहा कादंबऱ्या अजून वाचतो. त्यांतलें चातुर्य त्याला किती कळतें याची शंकाच आहे. पण वाचूं लागला कीं तो खंदक, तीं माणसें, छपरावर ताणलेल्या पडद्यांच्या रंगाचा वाससुद्धां, सारें परत येतें. मेलेल्यांनीं त्याच्या हातीं एक काम ठेवलें आणि तो तें करीत राहिला आहे. त्याला स्मारक ही कल्पनाच ठाऊक नाहीं. १९१७ च्या आरंभीं किपलिंग आपल्या पत्नीला व मुलीला जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्या मोठ्यानें वाचून दाखवीत असे. मुलगा नाहींसा झाल्याला तेव्हां दीड वर्षहि झालें नव्हतें. हें कळल्यावर कथेंतल्या थट्टेकडे पुन्हा एकदां पाहावें लागतें.

उरलेल्या दोन कथा या चित्राला आवश्यक ती काळी बाजू देतात. ‘अ मॅडोना ऑफ द ट्रेंचेस’मध्यें स्ट्रँगविक नांवाचा तरुण लॉजच्या बैठकींतच वेड्यासारखा ओरडूं लागतो. बर्फानें ताठ झालेल्या प्रेतांचा आवाज आपल्याला छळतो असें तो सांगतो. डॉक्टर कीड त्याच्याकडून हळूहळू खरी गोष्ट काढून घेतात, आणि ती प्रेतांची नसून त्याच्या ओळखीच्या दोन मृत माणसांच्या प्रेमाची निघते. येथें विधीचा कांहीं उपयोग होत नाहीं. लॉज त्याला शेजारची खोली, औषध आणि ऐकणारा माणूस देऊं शकतें; उत्तर देऊं शकत नाहीं. पहिल्या कथेंतला वकील येथें गप्प बसला आहे, आणि कथेचें बळ त्यानें वाढलें आहे.

‘अ फ्रेंड ऑफ द फॅमिली’ ही चौथी कथा तर अंगावर कांटा आणणारी आहे. खेडेगांवांतल्या एका तरुणाला लष्करभरतींतून सूट मिळावयास हवी होती. ती वशिल्याच्या दुसऱ्या कुटुंबाला मिळाली. हा गेला आणि मारला गेला. त्याचा ऑस्ट्रेलियन मित्र सुटींत त्याच्या गांवीं जातो आणि शत्रूच्या विमानानें बाँब टाकले असें भासवून त्या दुसऱ्या कुटुंबाचा सूड घेतो. लॉजच्या टेबलाभोंवतीं ही हकीकत जवळजवळ कौतुकानें सांगितली जाते. मेलेल्या मित्राच्या प्रेमांतूनच हेंहि निपजतें, हें किपलिंगला ठाऊक होतें. कारण त्याच्या स्वतःच्या मनांत सूडाची धग कमी नव्हती. येथें तो स्वतःलाहि आवरीत नाहीं, आणि वाचकालाहि सावध करीत नाहीं. कलेच्या दृष्टीनें कथा पक्की आहे. नीतीच्या दृष्टीनें ती वाचकाला एकट्याला सोडून देते. मात्र चारहि कथा ओळीनें वाचल्या म्हणजे दिसतें कीं, मृतांच्या नांवानें माणूस पाहुण्याला जेवूं घालतो, पुस्तक वाचतो, वेडा होतो आणि खूनहि करतो. स्मरण ही गोष्ट आपोआप पवित्र नसते. तें कोणत्या कामाला जुंपलें जातें यावर तिचें मोल ठरतें.

येथपर्यंत किपलिंगच्या बाजूनें बोलणें झालें. आतां त्याच्याच पाणसळीनें त्याच्या काळाची पातळी तपासली पाहिजे. ज्या कमिशनचा तो सभासद होता, त्याचें तत्त्व लॉजच्या तत्त्वासारखेंच होतें: अधिकारी आणि शिपाई यांचे दगड सारखे, प्रत्येकाचें नांव कोठें तरी कोरलेलें, वंश वा धर्म यांवरून भेद नाहीं. फ्रान्समध्यें न्यू शापेल येथें हिंदी सैनिकांचें स्मारक १९२७ सालीं उघडलें गेलें. त्यावर ४,७०० हून अधिक नांवें कोरलेलीं आहेत, आणि त्या समारंभास किपलिंग स्वतः हजर होता. परंतु इराकांत बसरा येथें १९२९ सालीं जें स्मारक झालें, तेथें इंग्रज सैनिक आणि हिंदी अधिकारी यांचीं नांवें कोरलीं गेलीं; सामान्य हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नांवाखालीं केवळ आंकडा घातला गेला. मेसोपोटेमियाच्या मोहिमेंत सहाव्या पुणें डिव्हिजनबरोबर मराठा पलटणी गेल्या होत्या. कुतच्या वेढ्यांत डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ रोजीं शरणागति पत्करीपर्यंत त्या अडकून पडल्या होत्या. त्यांतले जे परतले नाहींत, ते सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या घरांतले होते.

हा निर्णय एकट्या किपलिंगचा नव्हता, आणि त्याचें सारें खापर त्याच्या माथीं फोडणें गैर होईल. पण त्याच्या कमिशनच्या कारभाराचा तो भाग होता. त्या संस्थेनेंच एप्रिल २०२१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत मान्य केलें कीं, ४५,००० ते ५४,००० मृतांचें स्मरण असमान रीतीनें केलें गेलें; आणि निदान १,१६,०००, कदाचित् ३,५०,००० पर्यंत मृतांचीं नांवें कोरलींच गेलीं नाहींत किंवा त्यांचें स्मारकच झालें नाहीं. यांत बहुसंख्य हिंदी, आफ्रिकन व इजिप्शियन माणसें होतीं. फ्रान्समध्यें युरोपच्या डोळ्यांदेखत जें तत्त्व पाळलें गेलें, तें बसऱ्यापर्यंत पोंचेतों झिजलें. लाहोरच्या लॉजमध्येंहि आंत भाऊ आणि बाहेर साहेब असेंच होतें. तरुण कवीला त्यांत मौज दिसली होती. तींत अन्याय लपलेला आहे हें पुढें दगडांतच कोरलें गेलें.

या आंकड्याची खूण आपल्याकडेहि आहे. आपल्या कित्येक गांवांच्या चावडींत किंवा वेशीजवळ संगमरवरी पाटी बसविलेली आढळते: या गांवांतून अमुक माणसें १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेलीं, त्यांपैकीं अमुक कामीं आलीं. नांवें नाहींत. सातारा जिल्ह्यांतलें अपशिंगे तर सैनिकी परंपरेमुळें ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलें जातें. तेथील लोकांनीं आपल्या माणसांची आठवण जागती ठेवली आहे. पण जेथें तशी परंपरा नाहीं, तेथें पाटीवरच्या आंकड्याकडे पाहून, हे कोण, असें विचारणारा वृद्धहि आतां उरलेला नाहीं.

किपलिंगच्या या कथा आपल्या कुटुंबांत वाचाव्या असें मी म्हणतों तें त्यामुळेंच. साम्राज्याच्या गौरवासाठीं त्या कोणी वाचणार नाहीं. तो गौरव त्यांत फारसा नाहींहि. वाचतांना एक गोष्ट लक्षांत घ्यावी. बर्जेसच्या लॉजमध्यें येणाऱ्या प्रत्येकाला प्रथम त्याचें नांव आणि त्याचें मूळ लॉज विचारलें जातें. तें सांगितल्याशिवाय त्याला आसन मिळत नाहीं, आणि सांगितल्यावर तें नाकारलें जात नाहीं. हंबरस्टॉलच्या मंडळींत तर आठवणींत राहिलेलें एखादें नांवच जीव वांचवितें. नांव ही बंधुत्वाची पहिली अट आहे, हें किपलिंगनें कथाकार म्हणून जितकें स्पष्ट पाहिलें, तितकें तो ज्या राज्याचा भाट होता त्या राज्यानें पाहिलें नाहीं.

आपल्या गांवच्या पाटीवरचा आंकडा नांवांत उतरविणें हें फार अवघड काम नाहीं. जुनीं पेन्शनपत्रें, पदकांच्या कडेवर कोरलेलीं नांवें व क्रमांक, पलटणींचीं दप्तरें, घरांतल्या पेट्या अद्याप पूर्ण नष्ट झालेल्या नाहींत. एखादा शिक्षक आणि त्याचे दहा विद्यार्थी एका सुटींत दोन-चार नांवें तरी परत आणूं शकतील. त्याला वर्गणी लागत नाहीं आणि त्याचें पदकहि मिळणार नाहीं. शनिवार दुपारीं ऑर्गनचीं पानें पुसणाऱ्या त्या भोळ्या माणसाला अशा कामाचा अर्थ सांगावा लागला नसता.